चुन्यासाठी आलेला टँकर

बाळांनो, तुमचे आजोबा शाळेत चित्रकला शिकवायचे आणि स्वतःला फार धीट समजायचे. धीट होतेही; फक्त पाल दिसली की मला हाक मारायचे.

ऐंशीच्या दशकात आम्ही भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागे राहत होतो. गल्लीत बहुतेक घरं लूम कामगारांची. पाण्याची नवी लाइन नगरसेवकाच्या बंगल्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. मी अर्ज करून थकले, तेही सुवाच्य इंग्रजीत. मग आजोबांनी आमच्या बाहेरच्या भिंतीवर चित्र काढलं: नगरसेवक गुलाबांना पाणी घालतोय आणि कुंपणाबाहेर रिकाम्या हंड्यांची रांग. त्याच्या नुसत्या पोटाला त्यांनी दोन रविवार घेतले.

शिफ्ट सुटली की कामगार तिथे थांबून हसू लागले. नगरसेवक शाळेच्या कमिटीवर होता. तो स्वतः आला.

"मास्तर, भिंत पांढरी होईपर्यंत शाळेत यायचं नाही."

"पुसा की साहेब," आजोबा म्हणाले. "चुना भिजवायला पाणी तेवढं आणा."

हंडाभर पाण्यात काम झालं असतं, पण गल्लीत कुणी तो द्यायला तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खरोखरच टँकर आला, सोबत चुन्याची गोणी आणि दोन रंगारी. नोकरी वाचली, असं मला वाटलं. तेवढ्यात शेजारच्या चाची हंडा घेऊन आडव्या आल्या.

"भाबी, पहले हमारे हंडे. दीवार कहाँ भागी जाती है?"

सगळ्या बायका धावल्या. धक्काबुक्की सुरू झाली. मला बेशिस्त बघवत नाही. मी रांग लावली: घरटी दोन हंडे, आजारी माणूस असेल तिथे तीन. रांग इतकी नीट चालली की चुन्याची पाळी येईपर्यंत टँकर रिकामा.

"अगं, नोकरी घालवलीस माझी!" आजोबा म्हणाले.

"तुम्हीही हंडा धरून उभे होतात," मी म्हटलं.

पुढे कितीतरी दिवस हेच. टँकर यायचा, चुना कोरडाच राहायचा, चित्र बघायला गर्दी वाढायची आणि आजोबा घरी बसून माझी कपाटं विस्कटायचे. शेवटी नगरसेवकाने हात टेकले आणि लाइन गल्लीत आली; भिंतीची अट मात्र तशीच राहिली.

त्या संध्याकाळी आजोबांनी स्वतः चुना भिजवला. ब्रश घेऊन भिंतीसमोर उभे राहिले, ते उभेच.

"राहू द्या हो मास्तर," बायका म्हणाल्या.

"उद्या शाळा आहे," ते म्हणाले, पण हात हलेना.

मग मीच ब्रश घेतला आणि कोपऱ्यापासून ओळीने सुरुवात केली. ते आत जाऊन कणीक मळत बसले. पोळ्या फार वातड झाल्या होत्या. मी एक जास्तच खाल्ली.