पावाच्या गाडीत बसवलेलं इंजिन

मोझेल हॅचरच्या हातची इंजिनं कुठं कुठं जाऊन पोचली असतील, पण त्यातलं एकही गाडीत बसून सुरू झालेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

कारखान्यात तिचं काम ठरलेलं होतं. ब्लॉकच्या आठ भोकांत आठ पिस्टन उतरवायचे, खालून कनेक्टिंग रॉडच्या टोप्या लावायच्या, सोळा बोल्ट ठरल्या जोरानं आवळायचे आणि आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. बाकीच्यांच्या रेघा सरळ असत, मोझेलची तिरपी, कारण ती डावखुरी. ही साधी इंजिनं नव्हती. शौकीन लोक जुन्या गाडीतलं मूळ इंजिन काढून टाकतात आणि त्या जागी दुप्पट-तिप्पट ताकदीचं नवंकोरं बसवतात, त्यांच्यासाठी ही हातानं जुळवली जात आणि लाकडी पेटीत बंद होऊन निघून जात. चाचणीची खोली दुसऱ्या इमारतीत, तिकडं मोझेलचं काही काम नसे. एकतीस वर्षं ती दुपारचा डबा खाताना ट्रकमध्ये चढणाऱ्या पेट्या बघत राहिली.

निवृत्तीच्या वेळी कारखान्यानं तिला विचारलं, घड्याळ हवं की आणखी काही? मोझेल म्हणाली, "एक पेटी द्या. वरचे पैसे मी भरते."

ती पेटी तिच्या अंगणातल्या शेडमध्ये आठ महिने तशीच पडून होती. बायबल-वर्गातल्या बायका विचारायच्या, "अगं, ह्याचं करणार काय तू?" मोझेल म्हणायची, "बघू." खरं म्हणजे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तिची स्वतःची गाडी चांगली चालत होती आणि चांगल्या गाडीचं पोट फाडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

मग जानेवारीत चर्चची गाडी कामातून गेली. गाडी म्हणजे एका बेकरीची पाव पोचवायची जुनी व्हॅन. उंच, चौकोनी, सरकत्या दारांची, आत अजून पावाच्या फळ्या. हॅनर्स फोर्क गावच्या चर्चमधून मंगळवारी आणि शुक्रवारी टेरिलच्या डोंगरावरच्या बावीस म्हाताऱ्या माणसांना गरम जेवण जायचं ते ह्याच व्हॅनमधून, आणि निवृत्त झाल्यापासून ती चालवायची मोझेल. डोंगर चढताना व्हॅन इतकी दमायची, की शेवटच्या घरी पोचेपर्यंत रश्श्यावर साय धरलेली असे. त्या थंडीत रेडिएटरमधलं पाणी गोठलं आणि इंजिनचा ब्लॉक उभा तडकला. पास्टर लोव्हेल चेहरा पाडून म्हणाले, "भंगारात घालू या. तोवर लोकांनी आपापल्या गाड्यांतून डबे न्यावेत."

"बर्फात कोण नेणार, पास्टर?" मोझेल म्हणाली. "मी न्यायला तयार आहे, पण बावीस डबे माझ्या गाडीत मावत नाहीत. व्हॅन माझ्या ताब्यात द्या. माझ्याकडे इंजिन आहे."

ते इंजिन कसलं आहे हे पास्टरनी विचारलं नाही, आणि मोझेलनंही आपण होऊन सांगितलं नाही.

वेंडेल प्रेटरनं मात्र विचारलं. वेंडेल तिच्या शाळेतला, गावातल्या दोन गॅरेजांपैकी चांगलं गॅरेज त्याचं. पेटीवरचा कागद वाचून तो खुर्चीत बसला आणि हसतच सुटला.

"चारशे तीस घोडे! मोझेल, अगं, त्या गाडीची दारं सरकती आहेत. तू पाय दाबलास तर गाडी पुढं जाईल आणि दारं इथंच राहतील."

"दारांना साखळी लावू."

"आणि सूप?"

"सुपाला झाकण असतं, वेंडेल. तुझ्या तोंडाला नाही. जागा देतोस का नाही ते सांग."

वेंडेलनं जागा दिली, हात दिले आणि एक अट घातली: आधी ब्रेक. "पळणारी गाडी कोणीही बनवतं. थांबणारी बनवू, मग बाकीचं." पहिले दोन आठवडे इंजिनला कुणी हातसुद्धा लावला नाही. मोठे ब्रेक बसले, मागच्या चाकांचा आस बदलला, अपघातात गेलेल्या एका ट्रकचा मजबूत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. मग इंजिन साखळीवर टांगून खाली सोडलं, तर तेलाचा पॅन चेसिसच्या आडव्या पट्टीवर टेकला. दुसऱ्या आकाराचा पॅन मागवला. तो बसला, तर इंजिनाचं नाक रेडिएटरमध्ये घुसलं. रेडिएटर पुढं सरकवला. व्हॅनमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या मांडीशेजारीच असतं, त्यावरचं पत्र्याचं झाकण आता बसेना. मोझेलनं ते कापून, चार बोटं रुंद करून पुन्हा वेल्ड केलं. वेल्डिंग तिला फारसं येत नव्हतं. सांधा दिसायला ओबडधोबड झाला, पण पक्का झाला.

वेंडेल दिवसभर बडबड करी, मोझेल काम करी. बोल्ट आवळताना तिचे ओठ हलत. वेंडेलला वाटायचं प्रार्थना म्हणते. ती आकडे म्हणायची.

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी सगळं जोडून झालं. तेल फिरवून घेतलं, पाणी भरलं, वायरी दोनदा तपासल्या. वेंडेलनं किल्ली तिच्या हातात दिली. "तुझं आहे. तूच फिरव."

इंजिन एका दमात पेटलं. गॅरेजच्या खिडक्या थरथरल्या. आवाज खोल आणि भरदार होता, छातीत शिरणारा. मोझेलनं डोळे मिटले. आणि मग त्या आवाजाखालून दुसरा आवाज आला. टक्. टक्. टक्. लोखंडावर लोखंड, इंजिनच्या फेऱ्याबरोबर वाढणारा. तिनं ताबडतोब किल्ली बंद केली.

हा आवाज दोघांनाही ओळखीचा होता. कनेक्टिंग रॉड सैल असला की असाच ठोका येतो.

"कारखान्यातनंच आलंय असं," वेंडेल म्हणाला. "परत पाठव. त्यांची चूक, त्यांनी निस्तरावी."

मोझेल पेटीवरचा कागद शोधायला गेली. जुळवणीची तारीख पाहिली. तिच्या निवृत्तीच्या तीन आठवडे आधीची. त्या पाळीला त्या जागेवर ती एकटीच होती.

"तू ज्यांची चूक म्हणतोयस ना," ती परत येऊन म्हणाली, "ती मी आहे."

त्या दिवशी ती घरी गेली आणि जेवली नाही. एक सैल बोल्ट एवढंच तिच्या मनात नव्हतं. एकतीस वर्षांत आणखी किती? कुणाच्या गाडीत, कुठल्या रस्त्यावर? गावात तोवर बातमी पसरली होती, कारण वेंडेलच्या पोटात काही राहत नसे. शुक्रवारी सकाळी दुकानात गल्ल्यावरची बाई तिला म्हणाली, "ऐकलं गं. कारखान्याचं काम म्हणजे असंच." मोझेलनं दूध घेतलं आणि सरळ गॅरेज गाठलं.

"उघडायचं," ती म्हणाली.

"अगं, परत पाठव ना! हमी आहे त्याला."

"पाठवलं तर दुसरं येईल. मग मला कधीच कळणार नाही. उचल."

इंजिन ज्यांवर टेकतं ते माउंट ढिले करून ते साखळीनं चार बोटं उचललं, पॅन खाली घेतला. मोझेल फळीवर उताणी झोपून दिवा घेऊन आत गेली. सोळाच्या सोळा बोल्टांवर पिवळ्या रेघा होत्या. तिरप्या. एकही हललेली नव्हती. तरी तिनं एकेक टोपी सोडली, टोपीच्या आत बसणारे बेअरिंगचे अर्धगोल तुकडे बाहेर काढून पांढऱ्या फडक्यावर ओळीनं मांडले. आरशासारखे स्वच्छ, ओरखडा नाही की काळा डाग नाही. सोडलेले बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत हा तिचा नियम, म्हणून नवे सोळा मागवले. ते यायला चार दिवस लागले. मंगळवारी ती, व्हॅन बंद पडल्यापासून करत होती तशा, तीन फेऱ्या करून स्वतःच्या गाडीतून डबे पोचवून आली, आणि बुधवारी सगळे बोल्ट आवळून, रेघा ओढून बाहेर आली.

"माझं काम बरोबर आहे," ती म्हणाली. आवाजात ऐट नव्हती, नुसता सुटकेचा श्वास होता. "आता तुझं बघू."

"माझं? माझं काय?"

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडले जातात तिथं एक चकती फिरते, गिअरबॉक्सकडच्या बाजूनं तिला बोल्ट असतात. ते सैल राहिले तरी तसाच ठोका येतो, आणि ते लावले होते वेंडेलनं. मोझेलनं खालचा पत्रा काढला, हात आत घातला, चकती हळूहळू फिरवली. पहिला बोल्ट घट्ट. दुसरा घट्ट. तिसरा तिच्या बोटांनीच फिरला. चौथाही.

तिनं वेंडेलचा हात धरून त्या बोल्टवर नेला.

वेंडेलचा चेहरा उतरला. "ते बोल्ट लावत होतो," तो हळू म्हणाला, "तेवढ्यात फोन आला. वळणावर कुणाची तरी गाडी खड्ड्यात गेली होती. ओढायला गेलो आणि परत आलो तेव्हा... मला वाटलं झालेत."

"म्हणून रेघ ओढायची असते."

"मोझेल, मी अख्ख्या गावाला सांगितलं की—"

"ठाऊक आहे. पाना घे."

दोन बोल्ट आवळायला पाच मिनिटं लागली. किल्ली फिरवली आणि ह्या वेळी त्या भरदार आवाजाखाली दुसरं काही नव्हतं. वेंडेल दाराशी उभा होता. मोझेल सीटवर बसून राहिली, एक हात झाकणावर ठेवून. पाव तास तिनं इंजिन बंद केलं नाही आणि वेंडेलनंही कर म्हटलं नाही. तिच्या गालावर ओघळ आले होते. तिनं ते बाहीनं पुसले आणि बाहीचं काळं गालाला लागलं.

रविवारी प्रार्थना संपल्यावर पास्टरनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला काही सांगायचंय का? एरवी कुणाच्या तरी गुडघ्यासाठी प्रार्थना मागितली जाते. वेंडेल उठला, टोपी हातात गोल फिरवत म्हणाला, "मी म्हणालो होतो मोझेलच्या कारखान्याची चूक आहे. तशी नव्हती. चूक माझी होती, दोन बोल्ट. तिच्या हातच्या इंजिनात काहीही खोट नाही." आणि बसला. वेंडेलला इतकं थोडक्यात बोलताना गावानं प्रथमच ऐकलं. मोझेलनं मागं वळून पाहिलं नाही, पण बाहेर आल्यावर त्याच्या हातात सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी ठेवली.

"हे कशाबद्दल?"

"जागेच्या भाड्याबद्दल. बरणी परत दे."

पुढच्या मंगळवारी पहिली फेरी. पास्टर लोव्हेल कौतुकानं शेजारच्या सीटवर बसले. मागं बावीस डबे, चिकनच्या रश्श्यात शिजवलेले पिठाचे गोळे, मक्याचा पाव. सपाटीवर मोझेलनं गाडी अशी नेली की जणू अंडी भरलीत. टेरिलचा चढ सुरू झाला, वितळत्या बर्फानं रस्ता ओला होता, आणि पास्टर सवयीनं पुढं वाकले, जुनी व्हॅन चढवताना सगळेच वाकत तसे. मोझेलनं पाय जरा दाबला.

"मोझेल!" पास्टरनी दाराची साखळी घट्ट धरली. "मोझेल, हे... हे कसलं इंजिन आहे?"

"चांगलं आहे, पास्टर."

"किती चांगलं?"

"तुम्ही डोळे उघडा, मग सांगते."

आवाज डोंगरावर आपटून परत येत होता. एका घराच्या ओसरीवर दोन म्हातारे उठून उभे राहिले. चढाच्या मध्यावर, जिथं जुन्या व्हॅनला पहिला गिअर टाकावा लागे, तिथं ह्या गाडीनं नुसता सूर बदलला आणि वर गेली. मोझेल मोठ्यानं हसली. पास्टरनी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग तेही हसू लागले, साखळी न सोडता.

शेवटचं घर हेस्टर टॅकेटचं. वय एक्क्याण्णव, साऱ्या डोंगराची हेस्टर मावशी. ती काठी टेकत फाटकापर्यंत आली होती.

"काय गं हा गोंगाट? मला वाटलं सुरुंग लावणारे खाणीवाले परत आले."

"मीच आहे, मावशी. जेवण आणलंय."

"इतक्या लवकर? मी अजून दात नाही लावले." तिनं व्हॅनमध्ये डोकं घातलं. "दाखव बघू."

मोझेलनं झाकण उचललं. हेस्टर मावशी वाकून बराच वेळ बघत राहिली.

"हे तू केलंस?"

एकतीस वर्षं कुणी विचारलं की मोझेल म्हणे, मी फक्त पिस्टन बसवते.

"हो," ती म्हणाली. "मी केलं."

"छान आहे," हेस्टर मावशी म्हणाली आणि डबा घेऊन घराकडं वळली.