दहावी गाठ

“ही दहावी गाठ कशाला? सोड ती.”

बाईसायेब बंगल्याच्या पायरीवर, मी पायरीखाली. माज्या हातात नवा दोर. घायपाताचा, माज्याच हातानं वळलेला. आमी माणदेशाकडली मानसं, मेंढरामागं हिंडनारी. दोर वळायला आमाला कुनी शिकवावं लागत न्हाई. दुष्काळात मेंढरं गेली आनि नवरा धरणाच्या कामाव आला, पाटणच्या वरल्या डोंगरात. वर सायबांचे बंगले, खाली आमची पत्र्याची चाळ. शाळंचा रस्ता एकच. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी आनि मधनं खडीचे ट्रक.

बाईसायबांचा पोरगा बबन एकदा ट्रकाखाली येता येता वाचला. तवा त्यांनी ठरवलं, बंगल्यातली नऊ पोरं एका बाईनं एकत्र चालवत न्यायची. एक दोर, दोराला गाठी, एका गाठीला एक पोरगं. डोकं चांगलं चालवलं बाईनं, खोटं कशाला बोलू. काम मला दिलं. माजी पोरगी हौसा त्याच शाळंत, दुसरीत. म्हनून म्या दहा गाठी मारल्या.

“आवं बाईसायेब, हौसाबी तितंच जातीया की,” मी म्हनलं.

“जाते, ते आमच्या साहेबांनी शब्द टाकला म्हणून. तिला मागनं येऊ दे. पाण्याच्या बाटल्या तिच्याकडे दे. आमच्या मुलांच्या बरोबरीनं चालायचं नाही तिनं.”

आनि म्या ती गाठ सोडली. तितंच, त्यांच्या म्होरं. नवा दोर, गाठ घट्ट बसलेली, नख उलाटलं माजं. हौसा बाजूला उभी राहून बघत व्हती. सात वर्साची पोर. आज सांगताना लाज वाटती, पर तवा वाटली न्हाई. तवा काम मिळालं म्हनून बरं वाटलं. आग लागो त्या बरं वाटन्याला.

रोज सकाळी बंगल्यावनं निघायचं. म्होरं मी, मागं दोराला नऊ पोरं, आनि त्यांच्या मागं धा-बारा पावलं सोडून हौसा. गळ्यात नऊ बाटल्या. चालली की बाटल्या एकमेकीव आपटायच्या. पोरांनी तिचं नावच पाडलं, “ए बाटली!” बाटली म्हनली की पळत यायचं, झाकन काढून द्यायचं, परत मागं जायचं. सोता तहानली तरी घोट घ्यायचा न्हाई. उष्टं व्हतंय म्हनं.

आनि मी काय करायची? मी मोजायची. मेंढरं मोजायची सवय अंगात. मेंढरू मोजताना तोंड बघत न्हाईत, हात फिरवत जायाचं. तसा मी दोरावनं हात फिरवायची. गाठ, मूठ. गाठ, मूठ. “नऊ. समदी हायती, चला.” वळनाव मोजायची, ट्रक गेला की मोजायची, शाळंच्या दारात मोजायची. माजी पोर त्या मोजनीत कदीच नव्हती.

आमच्या तितं जमीन हालायची. मोठा भूकंप होऊन गेलेला, पर बारके धक्के सुरूच. एखांद्या दिशी भांडी वाजायची, बाया चुलीपासनं उठायच्यासुद्धा न्हाईत.

त्या दिवशी मातुर पयल्यांदा आवाज आला, जातं फिरल्यावानी, पायाखालनं. मंग रस्ताच हालला. वरनं माती सुटली. म्या दोर वढला, नऊच्या नऊ पोरं डोंगरापासनं लांब, कठड्याकडं घेतली, खाली बसवली आनि वरनं पदर पसरून वाकले. दगड गडगडत आलं. पोरं रडायली. जरा वेळानं समदं गप झालं.

मी दोरावनं हात फिरवला. गाठ, मूठ. गाठ, मूठ. नऊ.

मी मोठ्यानं म्हनलं, “समदी हायती.”

मागं बाटली वाजली. वळून बघितलं तर हौसा डोंगराच्या कडंलाच उभी. मातीनं भरलेली. पायाव दगड आलेला, अंगठ्याचं नख उडालेलं, रगत व्हाऊन चप्पल भिजलेली. ती रडत नव्हती. ती आठ बाटल्या मोजत व्हती.

एक दरीत गेलेली.

तशीच लंगडत शाळंत गेली. मी नेली तिला तशी. दुपारनं पोरं परत बंगल्याव पोचवली. बाईसायबांनी आपल्या पोराचं तोंड पुसलं, डोस्क्याव हात फिरवला आनि इचारलं, “बबनची बाटली कुठाय?”

“धक्का आला तवा पडली,” मी म्हनलं.

“एक बाटली सांभाळता येत नाही तुझ्या पोरीला?”

पोरगी म्होरं उभी. पायाला चिंधी बांधलेली, चिंधी लाल. बाईला चिंधी दिसली न्हाई. तिला बाटली दिसली न्हाई तेवढं कळलं.

घरी आल्याव मी उंबऱ्यात बसून हौसाचा पाय धुतला. हळद भरली. तवा ती म्हनली, रागानं न्हाई, आपलं सादंच इचारल्यावानी,

“आये, मी गाठीला नव्हते म्हनून मला धरलं न्हाईस व्हय?”

बाईसायबाचा राग आला म्हनावं तर गाठ कुनी सोडली? ह्याच हातानं सोडली. पयल्यांदा मला माजाच राग आला, आनि मंग त्यांचा. असा आला की अजून गेला न्हाई.

सांजच्याला मी चाळीत दारोदार हिंडले. चाळीतली पोरं शाळंत जात नव्हती. आई-बाप खडी फोडायला, रस्त्याव ट्रक, नेनार कोन? म्या म्हनलं, “मी नेते.” शेजारनीनं आनि मी मिळून दोर वाढवला.

सकाळी बंगल्याखाली उभी राहिले. मागं सोळा पोरं. पयली गाठ हौसाची.

“हे काय?” बाईसायेब म्हनल्या.

“शाळंला निघालोय. तुमची पोरं पाठवायची तर पाठवा, मागल्या गाठी मोकळ्या हायती. बाटली ज्येची त्येनं घ्यायची.”

“तुझं काम गेलं समज. आणि पोरीचं नावही शाळेतनं जाईल. तो दोर ठेव इथं.”

“दोर म्या वळलाय. माजा हाय.”

नऊ पोरांतलं एकबी खाली आलं न्हाई. नगं येऊ दे. आमी निघालो. वळनाव मोजलं, पर दोराव हात फिरवून न्हाई. एकेकाचं तोंड बघून, नाव घेऊन.

हेडमास्तर दारातच आडवं. “साहेबांची चिठ्ठी आहे का?”

“चिठ्ठी न्हाई. पोरं हायती. नावं लिवा.”

“साहेबांना विचारावं लागेल.”

“इचारा. तवर आमी बसतो.”

बसलो व्हरांड्यात, भिंतीला लागून. घंटा झाली. आत पाढे सुरू झालं. सायबांची जीप फाटकात आली तशी पोरं चुळबुळ कराया लागली. मी म्हनलं, “कुनी गाठ सोडायची न्हाई रं.”

जमीन त्येच्यानंतरबी लय येळा हालली. दर येळी पयला हात म्या माज्या पोरीला घातला, मंग बाकीच्यांना. कुनाला राग येत आसंल तर येऊ दे. आता माज्या पोरीला मोजनीबाहेर ठेवून मी कुनाचीच पोरं मोजनार न्हाई.