हवालदारची वाटी

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी कांदा चिरत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती बोलली. तिच्या बाबांच्या, म्हणजे माझ्या मित्राच्या, देविदासच्या नाचणगावच्या घरात सहा वर्षं कांदा शिरला नव्हता.

आम्ही दोघं एकाच शाळेत मास्तर. देविदासची बायको गेली त्याच वर्षी त्याच्या दारात एक लहानखुरं पिल्लू येऊन बसलं, ते उठलंच नाही. दार राखतो म्हणून नाव हवालदार. जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, कांदा, लसूण, द्राक्षं, किसमिस, चॉकलेट कुत्र्याला विषासारखं. देविदासनं मास्तरी अक्षरात यादी करून ओट्यावरच्या भिंतीला चिकटवली आणि स्वतःही कांदा-लसूण सोडला, कारण ताटातला घास हवालदारला दिल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. "काऊन बे, बिनकांद्याचं वांगं खातं का कोणी?" मी चिडवायचो. "खाचं तं खाय, नाई तं घरी जाय," तो म्हणायचा आणि माझ्या ताटात आणखी वाढायचा.

बुद्धपौर्णिमेला तो पातेलंभर खीर करी. किसमिस पडायच्या आधी हवालदारची वाटी वेगळ्या पळीनं बाजूला निघे. गेल्या वर्षी ती निवत ठेवून तो विहारात वंदनेला गेला. "थंडी झाली का त्याले देजो," मला सांगून गेला. वाटी अर्धीच होती, पांढरीफटक. सणाच्या दिवशी बिचाऱ्याला एवढीच? मी पातेल्यातून ती काठोकाठ भरली, वर मूठभर किसमिस टाकली. यादी समोरच होती. एवढ्याशानं काय होतंय, असं वाटलं... अगदी मनापासून वाटलं. हवालदारनं वाटी चाटून लख्ख केली.

त्याच संध्याकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी लघवी बंद. "किसमिस, द्राक्षं खाल्ली काय यानं?" डॉक्टरनं विचारलं. देविदास ठामपणे नाही म्हणाला, मग त्याचा आवाज खाली गेला. "पळी... किसमिसवाल्या खिरीतली पळी लागली असंन वाटीले. माह्याच हातून झालं." मी शेजारीच उभा होतो. बोललो नाही. हवालदारला परसात पुरलं तेव्हाही बोललो नाही.

पुढे भेटलो की त्याचं तेच. "पळी तीच होती काय रे?" मी म्हणायचो, "सोड ना आता, वय झालं होतं त्याचं." सहा वर्षांच्या कुत्र्याचं वय! त्याचं जेवण सुटत गेलं. उद्या सांगू, परवा सांगू, करता करता हिवाळा आला आणि तो गेला. मी भेकड निघालो. मैत्री तुटेल म्हणून गप्प बसलो... आता हे लिहिलेलं छापून येईल, सगळे वाचतील, तो सोडून.

घर आवरताना सुनंदानं मला स्वयंपाकघरात नेलं. यादी तेलकट होऊन अजून भिंतीवरच होती. खाली, नव्या शाईत, त्याच मास्तरी अक्षरात एक ओळ वाढवलेली होती. कुत्रं नसलेल्या घरात. 'पळी वेगळी ठेवावी.'

पळी वेगळीच होती, देविदास.