दुधावर झाकलेली पुस्तिका

मनोहर गेल्याचं मला त्याच्या भाच्यानं प्रेसच्या दारातच सांगितलं. मी खरं तर मनोहरशी भांडायलाच तिथं आलो होतो. यंदाच्या पुस्तिकेसाठी त्यानं एक चित्रही पाठवलं नव्हतं. "पहाटे छातीत कळ आली अन्..." माझं भांडण तोंडातच राहिलं.

संत्रा बागायतदारांच्या एका छोट्या संस्थेत मी नोकरी करतो. झाडांच्या निगेची पुस्तिका दरवर्षी काढायची आणि नरखेडकडच्या गावांत वाटायची, हे आमचं काम. मजकूर माझा, रूप मनोहरचं. आणि दरवर्षी ती वाटल्याबरोबर रद्दीत जायची. एके वर्षी साहेबांनी बजावलं, यंदाही कुणी वाचली नाही तर बंद! माझं धाबं दणाणलं. मनोहर मात्र खूश. "आता मजा येईन गा!" बाप्पा, काय काय सुचायचं त्याला... उघडली की झाड उभं राहणारी, संत्र्याच्या सालीचा वास येणारी. शेवटी संत्र्यासारखी गोल पुस्तिका काढली. कापता कापता प्रेसवाले मेटाकुटीला आले, पण दिसायची देखणी.

मग ती कोण वाचतं ते पाहायला त्याच्या मोटरसायकलवर आम्ही गावात गेलो. शोभाताई म्हणून एक बाई, बाग स्वतः सांभाळणाऱ्या. त्यांच्या स्वयंपाकघरात आमची पुस्तिका दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलेली! "वाचाले फुरसत कुठं हाय भाऊ? पण बसली पाहा कशी बरोबर. माशी नाही पडत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मनोहर हसून हसून खाली बसला. बसल्या बसल्याच त्यानं विचारलं, "मंग फुरसत कुठं भेटते ताई?" त्या म्हणाल्या, "विहिरीवरच्या मोटरच्या पेटीपाशी. लाइन येवापर्यंत तिथंच उभं राहा लागते." झालं! पुढची पुस्तिका लांबुडकी, मोठ्या अक्षरांची, पेटीजवळच्या खिळ्याला टांगायला वर दोरी ओवलेली. विजेची वाट बघत लोक ती वाचू लागले. पुस्तिका वाचली आणि माझी नोकरीही. "कल्पना टेबलावर कायची सुचते गा," तो म्हणायचा, "लोकाइच्या घरात जा लागते."

यंदा तो नाही. कोऱ्या कागदासमोर बसून बसून डोकं बधिर झालं. पुस्तिका निघाली नाही तर मनोहरचं सगळं कामच पुसलं जाईल, या भीतीनं झोप उडाली. शेवटी एकटाच शोभाताईंकडे गेलो. बातमी ऐकून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "यंदा फोटो आपल्याच गावातले छापा. कोणाच्या झाडाले डिंक्या रोग झाला, कोणाचं कायनं वाचलं, नावासकट. दुसऱ्याच्या बागेत काय बिघडलं ते पाहाले तर समदं गाव पुस्तक उघडीन!"

मी उडालोच. अरे, हेच तर हवं होतं! तसाच अंगणात आलो, फोन काढला आणि मनोहरला लावला. रिंग वाजायला लागली तेव्हा कुठं भान आलं. कापणार, इतक्यात तिकडून मनोहरच्या बायकोचा, वहिनींचा आवाज आला.

"बोला भाऊजी. ह्यायचा फोन बंद कराले मन नाही झालं..."

मी सगळी कल्पना त्यांनाच सांगितली, त्याला सांगायचो तशीच, घाईघाईनं. वहिनी खुदकन हसल्या. "ह्यायले लय आवडलं असतं," म्हणाल्या.