डोळे बांधून ओळखलेला कॅमेरा

गंगापूर रोडला एका सरांकडे मी अकरा वर्षं धुणीभांडी केली. त्यांना जुन्या कॅमेऱ्यांचा नाद. काचेच्या कपाटात साठ-सत्तर तरी असतील, आणि पुसायचे मीच. खालच्या इंग्रजी पट्ट्या मला वाचता येत नव्हत्या. माझी शाळा चौथीत सुटली. म्हणून कुठला कुठे ठेवायचा हे मी हातानं लक्षात ठेवलं. वजन, चामड्याचा खरखरीतपणा, चावी कशी फिरते ते.

सरांना हे कळलं आणि माझा खेळ झाला. रविवारी मित्र आले की ते टॉवेलनं माझे डोळे बांधायचे. "मावशी, ओळखा!" मी पुटपुटायचे, "घडीचा. हा दोन भिंगांचा." माझ्या पुटपुटण्याचीही नक्कल व्हायची. एकदा कॅमेऱ्याऐवजी माझीच चप्पल हातात दिली. "हे कुठलं मॉडेल, मावशी?" सर हसता हसता खोकायला लागले. मी टॉवेल सोडला नाही, तशीच उभी राहिले.

लगेच त्यांनी त्यांचा लाडका जर्मन कॅमेरा हातात ठेवला. देवळाली कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या फौजीकडून भारी किमतीला घेतलेला. त्याची चावी भातात खडा लागावा तशी अडायची. कपाटातल्या रशियन कॅमेऱ्याचीही अगदी तशीच. हे मला सात वर्षं ठाऊक होतं, तरी दर वेळी मी "जर्मन" म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "रशियन." तेही मोठ्यानं.

"मावशी आज पार चुकल्या!" सर म्हणाले. पण एका मित्रानं कॅमेरा खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरला. "जर्मन नावाखाली घासून काढलेली जुनी रशियन अक्षरं दिसतायत," तो म्हणाला.

"सर, मावशी पास, तुम्ही नापास!"

सगळे हसले. टॉवेलाखाली मीही हसले. सरांनी ते पाहिलं असावं.

सोमवारी त्यांनी मला दारातच अडवलं. "खरा कॅमेरा कुठे विकलास?"

"सर, तो पहिल्यापासूनच..."

"जिला इतकं ओळखता येतं, तीच बदलू शकते."

पोलिसांत गेले नाहीत, फक्त सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत त्या इमारतीतली माझी बाकीची चार घरं सुटली. शेवटच्या घरातल्या वहिनींनी माझी पिशवी उलटी करून पाहिली. डबा, छत्री आणि कॅमेरे पुसायचं मऊ फडकं निघालं.

"हे सरांचं," म्हणून त्यांनी फडकं ठेवून घेतलं.

ते माझ्याच जुन्या साडीचं होतं.