सहा त्रिकोणांची आकृती
पुठ्ठ्याला लावलेल्या खळीचा वास आला, की धारूरचं वसतिगृह आठवतं. दुष्काळाचं साल होतं. वसतिगृहाच्या प्रवेशाच्या तोंडी परीक्षेत चुकले, तर मलाही आईबरोबर सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला जावं लागणार होतं. बाहेर ऊसतोडीला निघालेला ट्रक हॉर्न देत होता. गणिताच्या बाईंनी पुठ्ठ्याची, सहा सारख्या त्रिकोणांची आकृती हातात दिली. “ओळख.” मी कोपरे चाचपत राहिले. “षट्फलक हाय बाई, पण नियमित न्हाई.” “कशावरून?” “सगळे कोपरे सारखे न्हाईत. या कोपऱ्याला तीन त्रिकोण भेटतात, त्या कोपऱ्याला चार.” बाई म्हणाल्या, “राहा इथंच.” आईनं ट्रकमधून माझं गाठोडं खाली दिलं, “नीट ऱ्हा गं,” म्हणाली आणि ट्रक निघाला. मला तेव्हा आनंद झाला होता की भीती वाटली होती, हे अजूनही सांगता येत नाही.