बाइक घेतेय

धावणं माझ्या गुडघ्यांना मानवेना, तेव्हा ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला सायकलवर बसवलं. सुरुवातीला इथे सिंगापुरात, बिशानच्या पार्कात भाड्याची, दणकट, पुढे टोपली असलेली. काही महिन्यांत दम वाढला आणि दमाबरोबर हावही वाढली. "नवख्या बायकांची छोटी शर्यत असते, उतर की," असं ती सहज म्हणाली आणि माझ्या डोक्यात किडा शिरला.

शर्यतीला रोड बाइक, म्हणजे बारीक टायरची हलकी सायकल हवी. ऑफिसात काय, दुकानात काय, सगळे तिला नुसतं 'बाइक' म्हणत. मीही तेच म्हणू लागले.

नवरा मरीन इंजिनिअर, तेव्हा जहाजावर होता; माझ्या या नव्या नादाचं त्याला काही ठाऊक नव्हतं. बंदर जवळ आलं की त्याचा फोन जागा व्हायचा. मी मेसेज टाकला, "बाइक घेतेय. शर्यतीत उतरायचंय." मला परवानगी नको होती, पंचेचाळिशीत कसली परवानगी! पण शर्यत संपते तिथे तो उभा असावा, एवढं मात्र मनापासून वाटत होतं. उत्तर आलं, "भलतं धाडस नको. आपलं वय काय!"

असा संताप आला! हा माणूस भर वादळात इंजिन रूममध्ये उतरणार आणि मी पायडल मारलं की ते धाडस! त्याच शनिवारी मी दुकान गाठलं.

दुकानदाराला मला कार्बनची, हँडलवर जवळजवळ झोपायला लावणारी सायकल विकायची होती. "व्हेरी फास्ट," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. तिच्यावरून एक फेरी मारली तेवढ्यात माझी मान धरली. दुसरीची फ्रेम मोठी, ब्रेकपर्यंत बोटंच पोचेनात. तिसरी साधी अ‍ॅल्युमिनियमची, हँडल जरा उंच, चढासाठी हलके गिअर. तिच्यावर बसले आणि हात आपोआप जागेवर पडले. दुकानदाराने नाक मुरडलं. बुकित तिमाहचे चढ मला चढायचे होते, त्याला नाही. मी तीच घेतली.

"घेतली," एवढंच नवऱ्याला कळवलं. फोटोसुद्धा पाठवला नाही. त्याचं उत्तर, "बरं." पुढे आम्ही मुलीच्या परीक्षेबद्दल बोललो, गळक्या एसीबद्दल बोललो, बाइकचं नाव दोघांनीही काढलं नाही. तो सल सोडला तर मी मजेत होते. पहाटेचे रस्ते ओले आणि मोकळे असायचे. चढावर धाप लागायची, उतारावर मी मोठ्याने गाणी म्हणायचे आणि सुरात नसले तरी तिथे ऐकायला कोण होतं!

तो परतला तेव्हा दार मुलीने उघडलं. बूट काढायच्या आधीच त्याने पिशवीतून एक भलंमोठं, काळं, तोंडही झाकणारं हेल्मेट काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हे घातल्याशिवाय गाडी काढायची नाही," तो म्हणाला. "आणि पावसात तर मुळीच नाही."

मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत किंचाळली, "बाबा, धिस वन फॉर मोटरबाइक लाह!"

त्याने हॉलच्या भिंतीला टेकवलेल्या सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगं, ही तर सायकल आहे!"

"मग मी काय सांगत होते?"

"बाइक म्हणालीस तू!"

खरंच की. आम्ही दोघंही पुण्यात वाढलो आणि पुण्यात बाइक म्हणजे मोटारसायकल. सिंगापूरच्या दुकानात फिरून माझी बाइक सायकल झाली होती, समुद्रावर त्याची मोटारसायकलच राहिली होती. आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

"म्हणजे मी मोटारसायकलची शर्यत लावणार असं वाटत होतं तुला?" मी विचारलं. "आणि तरी हेल्मेट आणलंस?"

"मग काय करणार? नको म्हटलं तरी घेतलीस, म्हणजे तुला ती हवीच असणार," तो म्हणाला. "झोप उडाली होती माझी. म्हटलं, निदान डोकं तरी शाबूत राहू दे."

माझं हसू तिथेच थांबलं. मी ज्याच्यावर रुसून बसले होते, तो माणूस एवढे दिवस जीव मुठीत धरून माझ्या बाजूने उभा होता. डोळे भरून आले ते मी लपवले नाहीत.

तो सायकलजवळ गेला, अंगठ्याने टायर दाबून पाहिला आणि म्हणाला, "शर्यत कधी आहे? ती होईपर्यंत मी जहाजावर जात नाही."